पाठकोरी बिलं

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दातांच्या डॉक्टरांच्या काउंटरवर बसून लिहितेय. आत एका आजोबांची दाढ निघतेय, बाहेर चार जण आपापले गाल धरून बसलेत, आणि मध्ये मी, पावत्या फाडायला. घरी लिहिता येत नाही. दोन खोल्यांत कागद काढला की कन्या विचारते, कुणाला गं? आमचे भट्टीवाले विचारत नाहीत, नुसते बघतात. वीस वर्षं झरोक्यातून जाळाचा रंग बघून कप भाजले की कच्चे राहिले ते सांगणारा माणूस तो, त्याच्यापुढे माझ्या चेहऱ्याची काय कथा.

आता बातमी. यांच्या कपबश्यांच्या कारखान्यात नवी विजेची भट्टी बसली हे मागे कळवलं होतं. तिला डोळे लागत नाहीत, बटण लागतं. सोमवारी फाटकावर नोटीस लागली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बेचाळीस जणांनी आपखुशीने राजीनामा द्यायचा आणि एकरकमी पैसे घ्यायचे. यांच्या वाट्याला सात लाख वीस हजार येतात. मुदत एकतीस मार्च. सही केली नाही तर काय, ते नोटिशीत लिहिलेलं नाही. साहेब तोंडी एवढंच म्हणाले की पुढे माणसं कमी लागणार आहेत, ज्याने त्याने आपलं बघावं. अशी ही आपखुशी.

घराचं कर्ज सहा लाख दहा हजार बाकी आहे. हप्ता नऊ हजार चारशे आणि माझा पगार आठ हजार. मला हल्ली दुसरं काही सुचतच नाही. पेशंटला सात नंबर सांगताना तोंडातून नऊ हजार चारशे निघालं परवा. बिचारा घाबरून उठून चालला होता, दाढेची फी वाटली त्याला.

भट्टीवाले मात्र एकदम उत्साहात आहेत, आणि त्याचीच मला जास्त धास्ती. त्यांचं म्हणणं, भाऊजींनी सहा वर्षांपूर्वी डेपोतली नोकरी सोडून असेच पैसे घेतले, विजेच्या सामानाचं दुकान टाकलं, आणि आज बघ. आपणही कपबश्यांचं दुकान टाकू. कोणता कप किती टिकेल ते माझ्याइतकं कुणाला कळतं, म्हणतात. हे खरं आहे, पण कप कळणं आणि गिऱ्हाईक कळणं एकच का, हे मी मनात म्हणते, मोठ्याने म्हणवत नाही. भाऊजी म्हणजे त्यांचा देव. माझं दहा वेळा सांगणं एकीकडे आणि भाऊजींचं नाव एकीकडे.

आई गेल्यापासून मी जे काही विचारायचं ते तुलाच विचारत आले. आताही विचारते. तुम्ही कसं केलंत, हप्ते कसे भरलेत, दुकान पायावर उभं राहायला किती दिवस लागले, सगळं लिही. फोन केला असता, पण तू कानाचं कारण सांगून दोन मिनिटांत ठेवतेस. आणि हो, एक चांगला कोरा कागद घे बाई. एवढं दुकान चालतंय आणि माझ्या नशिबी अजून दुकानाच्या बिलांची पाठकोरी बाजू! श्रीमंती आली तरी चिकटपणा काही सुटला नाही तुझा.

भाऊजींना नमस्कार. लोभ चालू ठेव, त्याला व्याज लागत नाही.

तुझी
ठकू


९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दाढेची फी वाचून इतकी हसले की आमच्या दुकानदारांनी विचारलं काय झालं. ते तेव्हा जेवायला आले होते. हल्ली पंख्यांचे दिवस, त्यामुळे जेवणालाही फुरसत नाही त्यांना.

कागदाबद्दल बोलायचं काम नाही. छापील बिलं वाया का घालवायची? तू लहानपणी पेन्सिल संपली की नवी मागायचीस आणि मी त्याच तुकड्याला टोपण लावून लिहायची. तुझं अक्षर चांगलं आलं आणि माझ्याकडे पेन्सिली उरल्या.

तू फार घाबरतेस ठके. नोकरी जायची असली की नोटीस अशीच येते, साखरेत घोळून. जे मिळतंय ते हातात घ्यावं, उद्या तेही मिळणार नाही. सही करावी असं मला वाटतं. भट्टीवाले कष्टाळू आहेत, पिण्याखाण्याचं व्यसन नाही, जिभेवर ताबा आहे. असा माणूस गल्ल्यावर बसला तर दुकान का चालू नये? आमचं पहिल्या दिवसापासून बरं चाललं. माणसं ओळखीची होती, डेपोतले सगळे आमच्याकडूनच दिवे न्यायचे. पुढे दुकानाजवळ राहायला आलो त्यामुळे जाण्यायेण्याचा त्रासही वाचला. खोली लहान आहे, पण दोघांना किती लागते?

हप्त्याचं म्हणशील तर, दुकानातून तो निघतो. निघायला हवा. बेतानं राहिलं की निघतो.

कन्येचा अभ्यास कसा चाललाय? तिला सांग, मावशी विचारत होती. तू जेवत जा वेळेवर. काळजीने वाळलीस तर डॉक्टर म्हणतील दात जास्त आणि बाई कमी.

आशीर्वाद कायम आहेतच, मागावे लागत नाहीत.

तुझी
ताई


१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र भट्टीवाल्यांना वाचून दाखवलं. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचं वर्णन ऐकून त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. ताई, मला इतकं बरं वाटलं त्यांना असं बघून! महिनाभरात पहिल्यांदा. कारखान्यात आता त्यांना नव्या भट्टीशेजारी स्टूल टाकून बसवतात. काम नाही. भट्टीचे आकडे वहीत उतरवायचे, जे आकडे भट्टी स्वतःच छापून देते. परवा घरी आले आणि म्हणाले, आज मी दिवसभर एका यंत्राची राखण केली, ते पळून जाईल म्हणून. मग हसले. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

त्यांनी जागाही बघितली आहे. चौकाच्या अलीकडे, औषधाच्या दुकानाशेजारी. डिपॉझिट दीड लाख, माल तीन लाखांचा, उरलेले अडीच-पावणेतीन लाख बँकेत ठेवून त्यातून दोन वर्षं हप्ते भरायचे, तोवर दुकान चालेल, असा त्यांचा हिशेब. कागदावर एकदम चोख आहे. कन्येने खाली रेघसुद्धा मारून दिली.

मला मात्र त्या रेघेच्या खालीच भीती वाटते. दोन वर्षांत नाही चाललं तर? घर बँकेकडे गहाण आहे. ही तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळवायला आम्ही अकरा वर्षं भाड्याच्या घरांतून सामान हलवलंय. कन्येने सहा शाळा बदलल्या. ताई, मला पैसे गेले तर चालेल, पण पुन्हा टेम्पोत गादीवर बसून जायचं नाही. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, भाऊजींना नाही का भीती वाटली असेल?

म्हणून एकच गोष्ट नीट विचारते, टोलवू नकोस. तुमचं दुकान सुरू झाल्यापासून किती महिन्यांनी हप्ता दुकानाच्याच पैशातून सुटायला लागला? आकडा सांग. भट्टीवाले म्हणतात भाऊजींचा आकडा आला की मी सही करतो. आणि दुसरं, येत्या रविवारी आम्ही दोघं सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परतलो तर? त्यांना दुकान बघायचं आहे, फळ्या कशा लावल्यात, माल कसा मांडलाय. चार वर्षांत तू आम्हाला घरी येऊ दिलं नाहीस. काय लपवून ठेवलंयस, सोन्याच्या विटा?

उत्तर लवकर पाठव. लोभ असू देच, पण या वेळी त्यासोबत आकडाही असू दे.

तुझी
ठकू


१७ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारचं जमणार नाही. दुकानात मालाची मोजदाद आहे, सगळा पसारा काढलेला असेल, तुम्हाला बसायला जागा नाही. पुढे कधीतरी निवांत या.

तू आकडा विचारलास. सहा महिने धर. सहा महिन्यांत सुटायला लागतो हप्ता.

माझ्या डोळ्यांना जरा त्रास आहे म्हणून थोडक्यात लिहिते. जागेचं डिपॉझिट देण्याआधी शेजारच्या दुकानदारांशी बोला, गिऱ्हाईक कुठून येतं ते बघा. उधारी कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. आणखी एक लिहायचं होतं, ते राहू दे.

घाई करू नका. म्हणजे मुदत आहे हे मला ठाऊक आहे, पण तरी.

कन्येला गोड पापा. माया आहे तशीच आहे.

तुझी
ताई


२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भट्टीवाल्यांनी सही केली. शनिवारी, म्हणजे एकवीस तारखेला. तुझं सहा महिन्यांचं पत्र वीसला आलं, रात्रभर त्यांनी ते खिशात ठेवलं आणि सकाळी जाऊन सही केली. सोमवारी जागेच्या मालकाला चाळीस हजार बयाणा दिला. माझ्या दोन बांगड्या तारण ठेवून दिला, कारण कारखान्याचा चेक एकतीसला मिळणार. बाकीचं डिपॉझिट दोन एप्रिलला द्यायचं ठरलंय.

आता जे लिहिते ते वाचून रागावू नकोस. काल संध्याकाळी भट्टीवाले म्हणाले की भाऊजींच्या दुकानाबद्दल सुरुवातीला काय काय लिहिलेलं होतं ते बघू या, तुझ्याकडे ताईंची सगळी पत्रं आहेत ना. मी डबा काढला. पत्रं तारखेने लावायला घेतली. तुला माहीत आहे मी दिवसभर काय करते ते. पावतीपुस्तकातला नंबर बघितल्याशिवाय मला कागद दिसतच नाही. तुझ्या सतरा तारखेच्या पत्राची मागची बाजू बघितली. बिल क्रमांक दोनशे त्रेचाळीस. त्याआधीचं पत्र, नऊ तारखेचं, दोनशे बेचाळीस. त्याआधीचं, जानेवारीतलं, दोनशे एक्केचाळीस.

मग मी एकेक करत मागे गेले. चार वर्षांची तेहतीस पत्रं. दोनशे अकरापासून दोनशे त्रेचाळीसपर्यंत, मधला एकही नंबर चुकलेला नाही. ताई, चार वर्षांत तुमच्या दुकानातून एकही बिल फाटलं नाही. जी फाटली ती फक्त माझ्यासाठी.

आधी मला वाटलं, दुसरं पुस्तक असेल, नवी बिलं छापली असतील. मी सगळी कारणं शोधली, तुझ्या बाजूने. मग दुकानाजवळची लहान खोली आठवली, फोनवरची दोन मिनिटं आठवली, आणि मी डबा बंद केला.

भट्टीवाल्यांना काही सांगितलेलं नाही. ते बाजूलाच बसून दुकानाच्या फळ्यांचं चित्र काढत होते. मी म्हणाले की जुनी पत्रं सापडत नाहीत. तुझ्यासाठी खोटं बोलले, आणि आता कळतं की ते किती सोपं असतं.

मी काही विचारत नाही. तुमचं काय झालं, कधी झालं, ते तुला वाटेल तेव्हा सांग, नाही सांगितलंस तरी तू माझी ताईच. फक्त दोन तारखेच्या आत एक ओळ लिही. पैसे दुकानात घालू की नको?

 वाट बघते.

तुझी
ठकू


२४ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचायला बसताना भट्टीवाल्यांनाही जवळ बोलाव. त्यांच्यापासून लपवायला आता काही ठेवायचं नाही.

दुकान नाही. चार वर्षं झाली, नाही. एकूण चौदा महिने चाललं. डेपोतले ओळखीचे यायचे हे खरं लिहिलं होतं मी, पण ते उधारीवर न्यायचे हे लिहिलं नव्हतं. घराचा हप्ता दुकानातून भरायचा असं आम्हीही कागदावर मांडलं होतं. आमची रेघसुद्धा सरळ होती. आधी मालाचे पैसे थकले, मग भाडं, मग हप्ता. घर बँकेने विकलं. दुकानाजवळ राहायला आलो असं तुला कळवलं तेव्हा दुकानाला दुसऱ्याचं कुलूप होतं आणि आम्ही गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका खोलीत. बिलाची पुस्तकं तेवढी सोबत आली, ती कुणी घेतली नाहीत.

हे एका मालगोदामाच्या फाटकावर पहारेकरी आहेत. सकाळी आठ ते रात्री आठ. मी तयार कपड्यांना काजबटणं करते, डझनावर पैसे मिळतात. डोळ्यांचा त्रास तेवढा खरा होता. मालवाल्याचं देणं अजून चालू आहे, दर महिन्याला दोन हजार. उपाशी नाही आम्ही, तशी काळजी करू नकोस.

मी का लिहिलं नाही? पहिल्या पत्रात लाज वाटली. दुसऱ्या पत्रात पहिल्याची लाज वाटली. मग तू प्रत्येक वेळी लिहायचीस, ताई तुझ्याकडे बघून धीर येतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मूठ झाकून झाकून माझी बोटं आखडून गेली गं. फोनवर तू माझा आवाज ओळखला असतास, म्हणून कानाचं कारण. कान चांगले आहेत माझे.

आता खरी गोष्ट सांगते, जी सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. यांना माझ्या पत्रांतलं काही ठाऊक नव्हतं. परवा जेवताना मी सांगितलं की भट्टीवाले दुकान काढतायत आणि ठकूने आकडा विचारला होता. यांनी विचारलं, मग तू काय कळवलंस? मी म्हणाले, सहा महिने. घास हातात तसाच राहिला त्यांच्या.  मग म्हणाले, म्हणजे त्यांना माहीत नाही? ठके, चार वर्षं ते समजत होते की तुम्हाला सगळं कळलेलं आहे, आणि तुम्ही मोठ्या मनाने तो विषय काढत नाही. दर वेळी तुझ्या पत्रातला नमस्कार मी वाचून दाखवला की म्हणायचे, माणसं चांगली आहेत, एका शब्दाने दुखवत नाहीत. मी गप्प राहायची.

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले की तो माणूस माझ्या नावावर खड्ड्यात चाललाय आणि तू त्याला वाट दाखवतेयस. मग कागद मागून घेतला.

आकडा खोटा होता. सहा महिने नाहीत, कधीच सुटला नाही हप्ता. दुकानात पैसे घालू नका. ती एक गोष्ट, जी मागच्या पत्रात राहू दे म्हणाले, ती हीच होती. लेखणी तिथवर आली होती आणि मी टोपण लावलं.

तुला काय वाटेल ते वाटू दे. मी त्याला पात्र आहे. माझी माया तेवढी खरी धर, बाकी सगळं पुन्हा तपासून घे.

तुझी
ताई

(सोबतचा कागद)

प्रिय साडूभाऊ,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. डेपोत असताना फक्त रजेचे अर्ज लिहिले.

मला दुकान चालवता आलं नाही. तुम्हाला कदाचित येईल, ते मी सांगू शकत नाही. राजीनाम्यावर सही करा किंवा करू नका, हेही मी सांगणार नाही, कारखाना तुमचा तुम्हाला माहीत. पण पैसे हातात आले तर पहिल्याच दिवशी बँकेत जा आणि घर सोडवून घ्या. आधी घर. मग उरतील त्याचं काय वाटेल ते करा. मी उलट केलं. मला वाटलं घर कुठे पळून जातंय.

तुम्ही मला मान देता हे मला पत्रांतून कळत असे. कशासाठी देता ते परवा कळलं. तो परत करतो. रागावू नये, कळावे.

आपला
साडू


३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुझ्या हातात पडलं तेव्हाच तुझं माझ्या हातात पडलं असणार. म्हणजे मी नंबर बघून विचारलं म्हणून तू सांगितलं नाहीस, तू आपणहून सांगितलंस. हे मी रोज स्वतःला सांगते. आज त्याची गरज आहे, कारण मी तुझ्यावर रागावले आहे.

ताई, मी खूप रागावले आहे. बेचाळीसपैकी सव्वीस जणांनी सही केली. सोळा जणांनी केली नाही. ते सोळाही जण एक तारखेला कामावर गेले. कारखान्याने त्यांना सहा महिने ठेवायचं कबूल केलंय, कदाचित पुढेही ठेवतील, जुन्या भट्टीत भाजलेल्या कपांची एक मोठी मागणी आली आहे. जुन्या भट्टीची! जिचा रंग फक्त यांना कळतो. तुझं खरं पत्र आठच दिवस आधी आलं असतं तर हे सतरावे असते. हे मी त्यांच्यासमोर एकदाही म्हणाले नाही, पण तुला म्हणते. तुझ्या सहा महिन्यांच्या एका ओळीवर त्यांनी वीस वर्षं सोडली.

आता जे झालं ते सांगते. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. भाऊजींचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, मग उठून घरातले सगळे कप घासले, घासलेलेसुद्धा.  दोन तारखेला चेक वटल्यावर मला म्हणाले, चल. मला वाटलं जागेच्या मालकाकडे. तर बँकेत नेलं. कारकुनाने दोनदा विचारलं, पूर्ण रक्कम भरताय? हे म्हणाले, पूर्ण. घराचे कागद पंधरा दिवसांत मिळतील. बाहेर पायरीवर मी रडले, लोक बघत होते तरी रडले. बयाणा बुडाला. मालक म्हणाला, मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं होतं. त्याचंही खरं असेल. बांगड्या सोडवून हाती सत्तर हजारांना थोडे कमी उरलेत. हप्ता नाही म्हणून माझ्या आठ हजारांत भात आणि कन्येची फी भागेल.

पण भट्टीवाले घरात बसून आहेत. पूर्वी सातला निघायचे, आता सातला आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीत बसतात. दूध आणायलासुद्धा मागच्या जिन्याने जातात, कारण पुढचा रस्ता कारखान्यावरून जातो. पलीकडच्या बिस्किटाच्या कारखान्यात भट्टीवर माणूस हवा आहे. रोजंदारी, पूर्वीच्या निम्मे पैसे, ट्रे ओढायचे, आणि वर देखरेखीला पंचविशीचा मुलगा. मी कागद आणून ठेवलाय. रोज म्हणतात, बघू. आज कन्येने विचारलं की बाबा कामाला कधी जाणार, तर म्हणाले, मी काय आता बिस्किटं भाजू? असं तोडून बोलायचा स्वभाव नाही गं त्यांचा. घर राहिलं, पण घरातलं माणूस हातातून चाललंय असं वाटतं.

तुला हे का लिहिते ते मला कळत नाही. रागावले आहे तरी लिहायला दुसरं आहे कोण?

भाऊजींना सांग, मान परत घेतला जात नाही. भट्टीवाल्यांनी सांगायला सांगितलंय. लोभ आहे. राग संपला की वेगळं कळवीन.

तुझी
ठकू


८ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

रागाव. मनात ठेवू नकोस, मला लिही, जितकी पत्रं लागतील तितकी. मी थोरली आहे, तुझा राग दुसऱ्या कुणाच्या अंगावर कशाला पडायला हवा. त्या आठ दिवसांचं मला काहीच भरून देता येणार नाही, हे मला कळतं. घर सोडवलंत हे वाचून मी देवापुढे दिवा लावला. 

भट्टीवाल्यांबद्दल वाचलं. उपदेश करायचं तोंड मला नाही. म्हणून नुसती इथली बातमी लिहिते.

यांचा पहारेकऱ्याचा गणवेश आहे, खाकी, खिशावर गोदामाचं नाव. चार वर्षं तो या घराच्या दोरीवर कधी वाळला नाही. मी तो मोरीत धुवून आतल्या खुंटीवर, पांढऱ्या चादरीखाली वाळत घालायची. सकाळी हे साधा शर्ट-पँट घालून निघायचे, गणवेश पिशवीत, आणि फाटकाजवळच्या खोपटात बदलायचे. चाळीत मी सांगितलं होतं की गोदामात हिशेब बघतात. हे सगळं माझ्या हट्टाने. त्यांनी कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाही म्हटलं नाही. उन्हाळ्यात त्या खोपटात किती उकडतं, तेही मला त्यांनी नाही, दुसऱ्या पहारेकऱ्याने एकदा सांगितलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यांना वाचून दाखवलं. मान परत घेतला जात नाही, ही ओळ दोनदा वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीतून गणवेश काढला. ते म्हणाले, अगं उशीर होतोय, पिशवीत घाल परत. मी घातला नाही. त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, इथेच घाला.

त्यांनी बाही सरळ केली. मग घातला. वरचं बटण मी लावलं. मी त्यांच्याबरोबर जिन्याने खाली गेले. दारात तीन बायका पाणी भरत होत्या, किराणावाला शटर उघडत होता. सगळ्यांनी बघितलं. किराणावाल्याने विचारलं, काय हो, आज हे काय? हे थांबले.  हे म्हणाले, आज काही नाही, रोजचंच आहे. आणि गेले. कोपऱ्यापर्यंत मी बघत होते. ठके, चार वर्षांत मी त्यांना इतकं ताठ चालताना बघितलं नव्हतं.

हे भट्टीवाल्यांना वाचून दाखव. समजावण्यासाठी म्हणून नको. इथे काय झालं ते त्यांना माहीत असावं म्हणून वाचून दाखव. आणि तुम्हाला सवड होईल त्या रविवारी या. खोली एक आहे, पण आता ती तुमच्यापासून लपवायची नाही.

माझ्या आशीर्वादांवर भरवसा ठेवायचा की नाही ते तू ठरव. मी देत राहीन.

तुझी
ताई